कायदा, हक्क आणि लोकशाही : मांडणी करताना या चुका टाळा

व्यक्तीचे हक्क म्हणजे बहुमताला घातलेला लगाम, असे गृहीत धरणे ही या विषयावरील लेखनातली सर्वांत रुळलेली चूक आहे. एकीकडे लोकांची इच्छा, दुसरीकडे हक्क आणि मध्ये निवाडा करणारा कायदा, असे चित्र मनात पक्के झाले की लेखात ‘समतोल’ हा शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागतो. पण बहुमत मुळात तयार कसे होते, हे कोणी विचारत नाही. भाषण, सभा, संघटना आणि मत यांचे हक्क काढून घेतले, तर लोकांची इच्छा ओळखायची कशावरून? जर्मन तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नेमका हाच धागा पकडला. खाजगी स्वायत्तता (आपले आयुष्य आपण ठरवण्याची मोकळीक) आणि सार्वजनिक स्वायत्तता (आपले कायदे इतरांसोबत मिळून ठरवण्याची मोकळीक) यांचा उगम एकत्रच होतो, असे ते मांडतात. नागरिक आपल्या हक्कांचा आशय एकत्र विचारविनिमयातून ठरवतात आणि त्या विचारविनिमयात निर्भयपणे उतरण्याचे बळ त्यांना हक्कच देतात. म्हणून मांडणी अडली असेल तर ‘वरचढ कोण’ हा प्रश्न खोडावा आणि ‘कोणत्या हक्काविना ही प्रक्रियाच चालणार नाही’ असे विचारावे. गुंता बहुधा तिथे सुटू लागतो. अर्थात यामुळे सगळा तणाव मिटतो, असे मानणे ही उलट बाजूची चूक ठरेल. हक्कांबाबतच्या मतभेदात अखेरचा शब्द न्यायालयाचा असावा की विधिमंडळाचा, यावर न्यायालयाची बाजू घेणारे रोनाल्ड ड्वॉर्किन आणि विधिमंडळाची बाजू घेणारे जेरेमी वॉल्ड्रन या कायद्याच्या तत्त्वज्ञांची उत्तरे आजही समोरासमोर उभी आहेत.

कायदेशीरपणा (नियमानुसार असणे) आणि अधिमान्यता (मानण्याजोगे, न्याय्य असणे) हे शब्द एकाच अर्थाने वापरू नयेत. आधुनिक सत्ता रीतसर केलेल्या नियमांवरील विश्वासावर टिकते, असे जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी दाखवले. लोक सत्ता का मानतात, याचे ते स्पष्टीकरण आहे. ती मानणे योग्य आहे का, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. जर्मनीत २३ मार्च १९३३ रोजी संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी कायदे करण्याचा अधिकार हिटलरच्या सरकारच्या हाती दिला. मतमोजणी झाली, कायद्याचे बाह्यरूप शाबूत राहिले. पण कम्युनिस्ट सदस्यांना सभागृहाबाहेर ठेवले गेले होते आणि आत धाकदपटशा चालू होता. केवळ नियमावलीवर बोट ठेवणाऱ्या लेखाला या घटनेतले वैगुण्य नेमके सांगता येत नाही. माझ्या मते कोणत्याही मांडणीची ही पहिली कसोटी असावी.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ टी. एच. मार्शल यांची नागरी, राजकीय आणि सामाजिक हक्कांची मालिका तर अनेक जण सर्व देशांनी चढायची शिडी समजून वापरतात. अठराव्या, एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांशी जोडलेला तो क्रम त्यांनी इंग्लंडच्या इतिहासावरून लावला होता. जर्मनीत आजारपणाचा विमा १८८३ मध्येच आला, तेव्हा तिथे सरकार संसदेला उत्तरदायी नव्हते. इंग्लंडमध्येही स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळायला १९२८ साल उजाडले. क्रम उलटला की अर्थही बदलतो, कारण राजकीय हक्कांविना मिळालेली सुरक्षा बहुधा वरून दिलेली असते आणि घेणाऱ्याला तिच्या अटी ठरवता येत नाहीत.

याच ठिकाणी कायद्याची दुसरी बाजूही तपासावी. कल्याणकारी कायदे स्वातंत्र्याची हमी देतात आणि त्याच वेळी माणसाचे आयुष्य प्रशासकीय रकान्यांत बसवून ते स्वातंत्र्य आक्रसूही शकतात, हे हाबरमास यांनी १९८१ मध्येच मांडले होते. अशा कायद्याचे विश्लेषण करताना लाभ मोजून थांबू नये. ज्याची गरज आहे, त्याला ती आपल्या शब्दांत मांडायला कुठे जागा आहे, हे शोधावे.

शेवटची चूक सर्वांत सहज नजरेतून सुटते. ‘नागरिक’ हा शब्द लिहिताना राज्यविहीन, म्हणजे कोणत्याच देशाचे नागरिकत्व नसलेला, माणूस मांडणीतून गळून पडतो. राजकीय विचारवंत हॅना आरेंट यांनी १९५१ मध्ये ‘हक्क असण्याचा हक्क’ असा शब्दप्रयोग केला, तो याच माणसांना डोळ्यांसमोर ठेवून: ज्यांचे म्हणणे ऐकून घ्यायला बांधील असा कोणताही राजकीय समुदाय उरलेला नव्हता.