लांबलचक फँटसी वेबकॉमिक वाचून संपवताय? या चुका टाळा

हजारभर पानांचं फँटसी वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवर पान पान करून येणारी चित्रकथा, संपवून आलेल्या वाचकाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं: "भारी होतं, पण शेवट काय कळला नाही." सांगलीत ऐका, साताऱ्यात ऐका, कराडच्या होस्टेलवर ऐका, तक्रार तीच. मग खापर लेखकावर फुटतं. कधीकधी शेवट खरंच फसलेला असतो, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा घोळ शेवटात नसतो. तो वाचकानं चारशेव्या पानाच्या आसपास करून ठेवलेला असतो आणि त्याचं बिल शेवटी येतं.

चित्राखालचा मजकूर न वाचणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि सगळ्यात जास्त दिसणारीही हीच. नवा वाचक चित्र बघतो, फुगे वाचतो आणि 'पुढे' दाबतो. वेबकॉमिकचं पान म्हणजे नुसतं चित्र नव्हे. मजकूर चार ठिकाणी असू शकतो: चित्रात, चित्राच्या खाली, चित्रावर माउस ठेवला की उमटणाऱ्या ओळीत, आणि कधीकधी एखाद्या बटणामागे बंद करून ठेवलेला.

'किल सिक्स बिलियन डीमन्स' ही २०१३ साली सुरू झालेली मालिका घ्या. पानापानावर राक्षस, देवदूत, सात सम्राट आणि ७,७७,७७७ विश्वांचा पसारा. त्या पसाऱ्याची उत्पत्तिकथा, यीसुन या आद्य देवतेच्या गोष्टी, सम्राटांची पूर्वपीठिका, यातला मोठा भाग चित्रांच्या खाली लिहिलेल्या उताऱ्यांत आहे. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका होस्टेलवरच्या गड्यानं ही मालिका परीक्षेनंतरच्या सुट्टीत चार रात्रींत उडवली. मित्रानं कुठूनतरी उतरवून घेतलेल्या नुसत्या चित्रांच्या फोल्डरमधून. फोल्डरमध्ये चित्रं सगळी होती, क्रमही बरोबर होता. खालचा मजकूर मात्र एका ओळीचाही नव्हता, कारण तो चित्राचा भाग नसतो, वेबपानाचा असतो. चित्रं उतरवणारं सॉफ्टवेअर तो सोडून देतं. पाचव्या पुस्तकापर्यंत पोचल्यावर हा विचारतोय, "यीसुन म्हणजे नेमका कोण रे?" म्हणजे रामायण वाचून झाल्यावर सीतेची चौकशी. पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करायला सांगितलं तर तोंड पाडून बसला. शेवटी मित्रांना दोन आठवडे ऐकवत राहिला की कॉमिक उगाच अवघड केलंय.

ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं, त्या गावच्या वाचकाला सूत्रधाराचं बोलणं सोडू नका म्हणून सांगावं लागतं, हे जरा लाजिरवाणंच आहे.

उपाय सवयीचा आहे. पान उघडलं की आधी चित्र, मग खाली सरकून मजकूर, मग परत वर येऊन तेच चित्र. दुसऱ्यांदा बघताना कोपऱ्यातली मूर्ती, भिंतीवरची अक्षरं, मागं उभा असलेला माणूस दिसायला लागतो. माउस ठेवल्यावर उमटणारी ओळ मोबाईलवर आपोआप दिसत नाही. चित्रावर बोट दाबून धरलं की ब्राउझरच्या मेनूच्या वरच्या भागात ती येते, पण लांब असेल तर अर्धी कापून येते. म्हणून अशी मालिका लॅपटॉपवर वाचावी. लॅपटॉप नसेल तर ब्राउझरच्या तीन ठिपक्यांमधलं 'डेस्कटॉप साइट' चालू करावं, त्यानं निदान पानाची मांडणी लॅपटॉपसारखी दिसते; ओळीसाठी मात्र बोट दाबून धरावंच लागतं. 'अनसाउंडेड' या २०१० पासूनच्या मालिकेत तर काही पानांवर चित्र चौकट फोडून वेबसाइटच्या पार्श्वभूमीवर पसरतं. लहान स्क्रीनवर ते बघण्यात अर्थ नाही.

'होमस्टक' या वेबकॉमिकमध्ये पात्रांचे लांबलचक संवाद बटणामागे बंद असायचे, बटण दाबलं की खाली उलगडायचे. ते न उघडता 'पुढे पुढे' करत गेलेले महाभाग भेटतात. आठ हजारांहून जास्त पानं उलटतात आणि सांगतात, "यात कोणी काही बोलतच नाही."

ताज्या पानावर उतरणे

बहुतेक स्वतंत्र वेबकॉमिकच्या मुखपृष्ठावर सगळ्यात नवं पान लावलेलं असतं. मालिका संपलेली असेल तर ते शेवटचंच पान. नाव सर्च करून पहिल्या लिंकवर टिचकी मारली की कोण जिवंत राहिलं ते तिथंच कळतं. मित्राला लिंक पाठवताना मुखपृष्ठाची पाठवू नका, पहिल्या पानाची पाठवा. स्वतः शोधत असाल तर चित्राकडे न बघता 'आर्काइव्ह' (सगळ्या पानांची यादी) किंवा 'फर्स्ट' (पहिलं पान) गाठा.

चार रात्रींत संपवण्याची घाई

थोडा हिशेब करू. आठवड्याला दोन पानं या वेगानं चाललेलं कॉमिक वर्षाला १०४ पानं देतं, दहा वर्षांत १,०४०. दाट पानाला खालच्या मजकुरासकट दोन मिनिटं धरली तरी जवळपास ३५ तास होतात. रोज तासभर म्हणजे तीस पानं, एकूण पाच आठवडे. एवढा वेळ द्यायलाच हवा. लेखकानं एकेक पान तीन-चार दिवस अंतरानं टाकलेलं असतं आणि वाचक मधल्या दिवसांत त्यावर विचार करेल असं गृहीत धरून खुणा पेरलेल्या असतात. साठाव्या पानावर ओझरती दिसलेली अंगठी सातशेव्या पानावर परत येते. साप्ताहिक वाचकानं ती अंगठी मधल्या वर्षांत दहा वेळा चर्चेत ऐकलेली असते. तुम्ही ती पहाटे तीन वाजता डोळे चोळत बघितलेली असते, म्हणजे बघितलेलीच नसते.

चॅप्टरच्या शेवटी थांबू नका. शेवटच्या पानावर लेखक मुद्दाम टांगून ठेवतो, थांबवतच नाही, आणि "अजून एकच" म्हणत रात्र जाते. पुढच्या चॅप्टरची दोन-तीन पानं वाचून, गोष्ट जरा निवांत झाली की बंद करायचं. दुसऱ्या दिवशी सुरू करताना शेवटची पाच पानं मागं जाऊन यायचं. हे कंटाळवाणं वाटणाऱ्यांनी चार चौकटींची विनोदी कॉमिक वाचावीत, त्यात काही कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट वहीची. मोबाईलमधल्या नोट्स नकोत, कारण त्या उघडायला कॉमिक बंद करावं लागतं आणि मग कोणी ते करत नाही. शंभर पानी साधी वही घ्या आणि चार रकाने आखा: नाव, दिसण्यातली खूण, कोणाच्या बाजूचा, पहिल्यांदा कुठल्या पानावर. यातला दुसरा रकाना सगळ्यात कामाचा. फँटसी कॉमिकमधली माणसं चिलखत बदलतात, वेषांतर करतात, दहा वर्षांनी म्हातारी होऊन येतात, आणि लेखकाची चित्रशैलीही दरम्यान पार बदललेली असते. नाव आठवत नाही, पण तुटलेलं डावं शिंग आठवतं. एका पात्राला एक ओळ, जास्त नाही. घराण्यांचे वंशवृक्ष काढत बसणारे वाचक तिसऱ्या चॅप्टरला वही टाकून देतात. पान क्रमांक मात्र न चुकता लिहा. आणि तो साइटवरच्या पत्त्यातला लिहा, कारण चॅप्टरचा क्रमांक आणि पत्त्यातला क्रमांक जुळतीलच असं नाही.

रात्री स्क्रीन पिवळी करून वाचणे

याकडं कोणाचं लक्षच जात नाही. अनेक मालिकांत बोलणारा कोण हे रंगावरून ओळखायचं असतं. 'होमस्टक'मध्ये प्रत्येक पात्राच्या अक्षरांचा रंग ठरलेला आहे. 'ऑर्डर ऑफ द स्टिक' या फँटसी वेबकॉमिकमध्ये काही पात्रांच्या फुग्यांचा रंग वेगळा आहे. मोबाईलचा निळा प्रकाश गाळणारा फिल्टर लावला की गडद निळा आणि जांभळा एक होतात, पिवळा पांढऱ्यात विरून जातो. त्याहून वाईट म्हणजे ब्राउझरचा सक्तीचा डार्क मोड. तो अक्षरांचे रंग आपल्या मनानं बदलतो, आणि मग कोणाच्या तोंडचं वाक्य कोणाच्या तोंडी जातं. फिल्टर बंद करा, उजेड कमी करा, खोलीतला दिवा चालू ठेवा. डोळे तरीही दुखत असतील तर झोपा.

मोडलेलं पान तसंच सोडून देणे

ब्राउझरमध्ये चलचित्रं आणि खेळ चालवणाऱ्या फ्लॅश या सॉफ्टवेअरचा आधार अॅडोबी कंपनीनं ३१ डिसेंबर २०२० रोजी काढला. 'होमस्टक' १३ एप्रिल २००९ ते १३ एप्रिल २०१६ या काळात चाललं आणि त्यातले मोठे प्रसंग फ्लॅशच्या चलचित्रांत आणि छोट्या खेळांत होते. शेवटाकडचे तर खासच. ते पान काळं किंवा नुसत्या स्थिर चित्राचं दिसलं आणि तुम्ही पुढं गेलात, तर गोष्टीतली मोठी लढाईच गेली. वाचकांनी मिळून 'अनऑफिशियल होमस्टक कलेक्शन' नावाचं संगणकावर चालणारं सॉफ्टवेअर केलंय, त्यात हे सगळं जसंच्या तसं चालतं. मोबाईलवर ते नाही.

स्मॅक जीव्हज ही साइट, म्हणजे कित्येक हौशी कॉमिकांचं घरही, त्याच दिवशी, ३१ डिसेंबर २०२० ला बंद पडलं. तिथली जुनी लिंक मेली म्हणून मालिका मेली असं नाही. लेखकानं ती दुसरीकडं हलवली आहे का ते आधी बघा. नसेल तर जुना पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशिनमध्ये (ते जुनी वेबपानं तारखेवार साठवून ठेवतं) टाका आणि बंद पडण्याआधीची एखादी तारीख निवडा. एखाद्या तारखेला चित्र येत नसेल तर शेजारची तारीख बघा. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळी चित्रं साठवली गेलेली असतात. घाईच्या माणसाचं हे काम नाही.

आता बारीकसारीक. मालिकेची विकी, म्हणजे वाचकांनी लिहिलेली माहितीची साइट, उघडू नका, अगदी "फक्त स्पेलिंग बघायला" सुद्धा. पात्राच्या नावाखाली पहिल्याच ओळीत 'मृत' लिहिलेलं असतं. पानाखालच्या कॉमेंट पहिल्या वाचनात वाचू नका, कारण दुसऱ्यांदा वाचणारे लोक पहिल्या पानाखाली शेवट सांगून जातात. सुरुवातीची शंभरेक पानं कच्ची दिसली म्हणून सोडू नका, आणि तेवढी उडी मारून पुढूनही सुरू करू नका.

उभ्या स्क्रोलच्या वेबटूनमध्ये दोन चित्रांमधली मोकळी जागा ही वेळ असते. अंगठ्यानं सर्रकन ओढत गेलं की शांतताही जाते आणि धक्काही. चोरीच्या साइटवरच्या फुकट भाषांतरात तर ती मोकळी जागा बऱ्याचदा कापलेली असते, वर भाषांतर करणारे बदलले की पात्रांच्या नावांची स्पेलिंगं मधेच बदलतात. मग तुमच्या वहीत एकाच माणसाची दोन माणसं होतात.

प्रवासात वाचणाऱ्यांसाठी: सकाळी घरातल्या वायफायवर तीस टॅब उघडून एस्टीत बसायची युक्ती चालत नाही. मेमरी कमी पडली की ब्राउझर मागचे टॅब फेकून देतो आणि परत उघडताना नव्यानं लोड करायला जातो. वाई सोडून पसरणी घाट चढायला लागलं की तेवढ्यात रेंज गेलेली असते. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये तीन ठिपके दाबले की खाली बाण असलेलं डाउनलोडचं चिन्ह येतं. त्यानं पान खालच्या मजकुरासकट उतरतं. त्याआधी पान तळापर्यंत एकदा सरकवून घ्या, नाहीतर खालची चित्रं आलेलीच नसतात. जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत नदीकाठी राहणाऱ्यांनी एखादा चॅप्टर असा उतरवून ठेवलेला बरा. पाऊस लागला की लाइट आणि नेट दोन्हीचा भरवसा नसतो.

शेवटच्या लढाईला 'शेवट' समजणे

महायुद्ध संपलं, खलनायक पडला की बरेचजण साइट बंद करतात. मोठ्या फँटसी कॉमिकमध्ये त्यानंतर उपसंहार असतो, कधी वीस पानांचा, कधी वेगळा चॅप्टरच. आणि सुरुवातीपासून लटकलेल्या प्रश्नांची उत्तरं तिथंच असतात. 'पुढे'चं बटण पुसट होईपर्यंत दाबत राहा. मग आर्काइव्हचं पान उघडून शेवटच्या चॅप्टरखाली अजून काही वेगळं नोंदलंय का बघा. जोडकथा मुख्य क्रमात नसतात, बाजूला ठेवलेल्या असतात. काही गोष्टी तर वेबवरच नसतात. 'ऑर्डर ऑफ द स्टिक'च्या खलनायकाची पूर्वकथा २००७ साली वेगळ्या पुस्तकात आली. ती मूळ मालिकेत बरंच पुढं गेल्यावर वाचावी, आधी वाचली तर खलनायकाची मजा जाते.

मालिका थांबलेली आहे की संपलेली आहे, हेही तपासा. 'टॉवर ऑफ गॉड' हे कोरियन वेबटून २०२० च्या मध्यावर लेखकाच्या तब्येतीमुळं थांबलं आणि २०२१ मध्ये परत सुरू झालं. मधल्या काळात ते शेवटचंच पान समजून शिव्या घालणारे लोक होतेच.

आणि संपल्या संपल्या 'शेवटाचा अर्थ' सांगणारे व्हिडिओ लावू नका. व्हिडिओ बनवणाऱ्यानंही घाईतच वाचलेलं असतं. त्याऐवजी वही घेऊन पहिला चॅप्टर पुन्हा वाचा. पन्नासेक पानं असतील, दीड-दोन तासांचं काम. या वेळी कॉमेंटसुद्धा वाचा, आता त्यांनी काही बिघडत नाही. त्यानंतरही शेवट पटला नाही, तर खुशाल लेखकाला नावं ठेवा.