दिवाळीआधी दुकान लावताना

बाबू, आपल्या सावंतवाडीच्या कॉफीच्या दुकानाचा यंदाचा सीझन तू सांभाळणार, म्हणून डोक्यातली यादी कागदावर उतरवतेय. घटस्थापनेला काम हातात घेतलंस तर वसुबारसेला दुकान लागेल.

आधी दार उघडून वास घे. चेष्टा नाही. आपल्या आणि मोती तलावाच्या मध्ये एक रस्ता, आणि चार महिने पाऊस. फळ्या, गाद्या, कपाटाची मागची बाजू, सगळीकडे बुरशी धरते आणि कॉफी तो वास ओढून घेते. गाद्या दोन दिवस उन्हात टाक, फळ्या व्हिनेगरच्या पाण्याने पूस. ऑक्टोबरच्या उन्हाचा निदान एवढा तरी उपयोग.

मग बिया. चिकमगळूरची अरेबिका, थोडी कूर्गची रोबस्टा, पाव किलोच्या पाकिटांत, भाजल्याची तारीख छापलेली. स्वस्त पडते म्हणून एकदम दहा किलो घ्यायची नाही. मी एकदा घेतली आणि मार्चपर्यंत गिऱ्हाइकांना भुसा पाजला. ताजी आली तर पाच-सात दिवस तशीच ठेव, आतला वायू निघू दे. उघडलेलं पाकीट फ्रीजमध्ये नको. बाहेर काढलं की दमट हवेनं बियांना पाणी सुटतं.

ग्राइंडर रोज सकाळी लावायचा, आणि मध्येच सर पडून गेली तर दुपारी परत. 18 ग्रॅम पुडीतून 36 ग्रॅम कॉफी मशीनमधून 25 ते 30 सेकंदांत उतरायला हवी. चाळीस सेकंद लागले तर पूड जाड कर, अठरा सेकंदांतच संपली तर बारीक. पण घड्याळापेक्षा धारेकडे बघ: आधी काळे थेंब, मग उंदराच्या शेपटीएवढी बारीक धार, रंग काकवीसारखा. तो फिका पडायला लागला की थांबव. सकाळचे पहिले दोन कप मोरीत जाणार, त्याचं वाईट वाटून घेऊ नको.

पाणी फिल्टरचंच, पण आरओचं निव्वळ नको, कॉफी पाणचट लागते. दूध फुल क्रीम. वाफ देताना दुधाच्या भांड्याला तळहात लाव. तीन मोजेपर्यंत हात टिकेना की बंद कर, साधारण 60 ते 65 अंश होतात. एकदा वाफवलेलं दूध दुसऱ्यांदा वाफवायचं नाही. नाताळ ते एक जानेवारीचं जादा दूध डेअरीत महिनाभर आधी सांगून ठेव, आयत्या वेळी कुणी देत नाही.

आता लाईट. मशीन तीन किलोवॅटचं, आपल्या इन्व्हर्टरला ते झेपत नाही. परतीच्या पावसात विजा पडतात, तेव्हा रात्री मेन पाडून प्लगही काढ. एका वर्षी माझा राहिला आणि आतला बोर्ड जळला. दुरुस्तीवाला 'उद्या येतो' म्हणत नवव्या दिवशी उगवला. ते नऊ दिवस आजीच्या पितळी कॉफी फिल्टरवर काढले, आणि खरं सांगू, चार जणांनी नंतर मुद्दाम तीच मागितली. तेव्हा तो फिल्टर चिंचेनं घासून ठेव, आणि 19 किलोचा एक भरलेला सिलिंडर मागे जादा असू दे.

कागदपत्रं पत्र्याच्या पेटीत आहेत. अन्न परवान्याचा 14 आकडी नंबर गल्ल्यामागे लावलाय, त्याची मुदत बघ. प्लॅस्टिकचे ग्लास कुणी कितीही स्वस्त दिले तरी घेऊ नको.

मेनू वाढवू नको. पाच कॉफ्या, कोकम सरबत, भाजलेले काजू, मालवणी खाजं. झाराप-पत्रादेवी बायपास झाल्यापासून गोव्याच्या गाड्या वाडीत न शिरताच बांद्याकडे निघून जातात. येतो तो चितारआळीत लाकडी खेळणी घेऊन, राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते, बघून दमलेला, नाहीतर आंबोलीहून गारठून उतरलेला. त्याला सतरा प्रकार वाचायची ताकद नसते, त्याला बसायला हवं असतं. पोरांसाठी बुटकं टेबल दारापाशी ठेव. नवा लट्टू तिथेच फिरवून बघतात.

खिडकीजवळचं टेबल मात्र संध्याकाळी सव्वापाच ते साडेसहा कुणाला द्यायचं नाही, 31 डिसेंबरलासुद्धा. तलावाला फेरी मारून आपले चौघे येतात. जुलैत दुकानात पाऊस आणि ते, दुसरं कुणी नसतं. लाईटचं बिल त्यांनी भरलंय असं समज. त्यांतले अण्णा आत येतानाच म्हणणार, "माका चायच दी रे." मेनूत चहा नाही म्हणून सांगत बसू नको. चहाची पावडर दोन किलो आणून ठेवलीय, खालच्या फळीवर, ज्या डब्यावर 'कॉफी' लिहिलंय त्यात.