मासेमारी बोटीवरचा गॅस आणि केबिनमधला धूर

घरात गॅस गळला तर दारे-खिडक्या उघडून निभावते. बोटीच्या तळाला दार नसते. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, त्यामुळे गळला की पाण्यासारखा ओघळत इंजिनाखाली जाऊन बसतो. हवेत साधारण दोन टक्के गॅस साचला की एक ठिणगी पुरते. स्टार्टर किंवा बिल्जमधले, म्हणजे बोटीच्या तळातले, पाणी उपसणाऱ्या पंपाचे बटण ती देते. गॅसला मुद्दाम दिलेला वास मासळी-डिझेलच्या वासात सहज हरवतो.

म्हणून सिलिंडर डेकवर, उघड्यावर, उभा आणि पट्ट्याने आवळलेला ठेवा. आडवा पडला तर वाफेऐवजी द्रव रेग्युलेटरात शिरतो आणि शेगडीवर भडका उडतो. पेटीत ठेवणार असाल तर ती फक्त वरून उघडणारी हवी, बाजू आणि तळ हवाबंद. तळातून किमान अर्धा इंच आतल्या व्यासाची निचऱ्याची नळी उताराने थेट बोटीबाहेर, पाण्याच्या रेषेच्या वर काढा. खवले आणि जाळ्याचे धागे ती तुंबवतात. प्रत्येक फेरीआधी तांब्याभर पाणी ओतून पाहा.

रबरी नळी फळीतून जिथे जाते तिथे बुश (भोकाच्या कडेला बसणारे संरक्षक कडे) घाला, नाहीतर इंजिनाच्या थरथरीने ती घासून फाटते. खाऱ्या हवेत क्लिपा गंजतात, त्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या. जोड साबणाच्या पाण्यानेच तपासा, काडी पेटवून कधीच नाही. स्वयंपाक झाला की शेगडीबरोबर सिलिंडरही बंद.

वास आलाच तर सिलिंडर बंद करा, विस्तव विझवा. एकही बटण चालू-बंद करू नका, पंपाचेही नाही. झाकणे उघडा आणि प्लास्टिकच्या बादलीने तळातली हवा पाण्यासारखी उपसून बाहेर टाका. पाहणाऱ्याला हसू येईल, पण जड गॅस असाच निघतो.

इंजिनाच्या आणि कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू याहून कपटी. त्याला वास नाही, रंग नाही, वजन जवळपास हवेइतकेच, त्यामुळे तो केबिनभर पसरतो. केबिनमध्ये पेटती कोळशाची शेगडी नको, दाराजवळ पेट्रोल जनरेटर नको. धुराड्याच्या जोडावर काळी काजळी दिसली की तिथून धूर गळतोय असे समजा. बोट चालत असताना केबिनमागे हवेचा दाब कमी होतो आणि मागच्या दारातून धूर आत ओढला जातो. मागचे दार उघडे असेल तर पुढची खिडकीही उघडी हवी.

डोके दुखते, मळमळते, म्हणून सगळे म्हणतात, बोट लागली. पण शांत समुद्रात, मुरलेल्या तांडेलासकट (बोटीच्या प्रमुखासकट) दोघा-तिघांना एकदम बोट लागत नाही. डेकवर आल्यावर बरे वाटले तर संशय पक्का. इंजिन थांबवा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, ‘झोपलास की बरे वाटेल’ असे कुणाला सांगू नका. कुणी बेशुद्ध पडला तर व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल 16 वर किंवा तटरक्षक दलाच्या 1554 या फोन नंबरावर मदत मागा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागी, उशीच्या उंचीवर लावा. एलपीजीचा मात्र खाली, बिल्जच्या पाण्याच्या जरा वर. एकाच जागी दोन्ही लावले तर एक निरुपयोगी ठरतो.