डच 'बार्नस्टेन'ची व्युत्पत्ती शोधताना या चुका टाळा

उत्तर युरोपातल्या बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या, दागिन्यांत खडा म्हणून वापरल्या जाणाऱ्या मधाळ रंगाच्या अंबराला (इंग्रजीत 'अॅम्बर') डच भाषेत 'बार्नस्टेन' म्हणतात. 'स्टेन' म्हणजे दगड, तिथे अडचण नाही. घोटाळा होतो तो 'बार्न'पाशी.

इंग्रजीतलं 'बार्न', म्हणजे धान्याचं कोठार, इथे आणू नका. जर्मन 'बेर्नश्टाइन' बघून स्वित्झर्लंडच्या बेर्न शहराकडेही धावू नका. दोन्हींचा काडीचा संबंध नाही.

खरी गंमत पुढे आहे. 'बार्न' म्हणजे जळणं, असं कुणी सांगतं. आपण आजच्या डचमध्ये बघतो, तर 'जळणे'साठी 'ब्रांडन'! जुळत नाही म्हणून धागा सोडून देतो. तो सोडू नका. मध्ययुगीन डचमध्ये याच क्रियापदाची 'बेर्नेन', 'बार्नेन' अशी रूपं होती. 'र' आणि स्वराने जागा बदलल्या, आपल्याकडे 'नुकसान'चं 'नुसकान' होतं तशा. 'बार्नस्टेन' हा शब्द डचमध्ये आला तो उत्तर जर्मनीच्या निम्न-जर्मन बोलीतून. हान्सा या मध्ययुगीन उत्तर जर्मन व्यापारी संघातल्या व्यापाऱ्यांची भाषा तीच होती आणि बाल्टिक व्यापारावर त्यांचाच वरचष्मा होता. तर अर्थ झाला जळणारा दगड. वस्तुतः हा दगडच नव्हे, कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडाची राळ आहे. म्हणून तर जळते.

पण म्हणून हे नाव फार प्राचीन समजू नका. इ. स. 98च्या सुमारास रोमन इतिहासकार टॅसिटसने बाल्टिककडच्या लोकांचा शब्द 'ग्लेसुम' असा नोंदवलाय. ही वस्तू मशालीसारखी पेटते आणि आत किडे अडकलेले दिसतात, म्हणजे हा झाडाचा रस असणार, हेही तो लिहून गेला. निरीक्षण जुनं, नाव बरंच नंतरचं.

'अंबर'चा गुंता वेगळाच. मूळ अरबी 'अंबर' म्हणजे स्पर्म व्हेलच्या पोटातून येणारं सुगंधी द्रव्य. तेही समुद्रकाठी सापडतं, हीही राळ तिथेच सापडते. युरोपात एकच नाव दोघांना चिकटलं. पीतांबरातलं अंबर तर संस्कृत, त्याला यात ओढूच नका.

आणि नावात जळणं आहे म्हणून अंगठीतल्या खड्याला काडी लावून बघू नका. मिठाच्या संपृक्त पाण्यात टाका. काच बुडते, अंबर तरंगतं. मात्र कोपाल नावाची कोवळी राळ आणि काही प्लॅस्टिकही तरंगतात, तेव्हा महागडा खडा असेल तर प्रयोगशाळेतच दाखवा.