पासवर्डची फाईल बंद आहे, पण चावी कुठं ठेवलीय बगा

आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडं एकेकाचे पासवर्ड किती असतात बगा, बँकेचे, मेलचे, उताऱ्यासाठी कर्नाटकच्या साइटचे, पोरानं महाराष्ट्रात अर्ज भरला तर तिकडचे वेगळे. हे सगळं कीपासएक्ससी या पासवर्ड सांभाळायच्या प्रोग्रॅमात भरलं की एकच केडीबीएक्स फाईल होते आणि ती एईएस-२५६ नावाच्या पक्क्या कुलपानं बंद असते. ते कुलूप फोडत कुणी बसत नाही, चोर मास्टर पासवर्डचा, म्हणजे ती फाईल उघडायच्या पासवर्डचा, अंदाज लावत बसतो, म्हणून खरी मेहनत तिथंच घाला.

मनानं सुचलेला पासवर्ड नको, गावाचं नाव आणि जन्मसाल तर अजिबातच नको. लुडोचा फासा घ्या आणि डाइसवेअर ही फाशानं शब्द निवडायची यादी उघडा, पाच वेळा फासा टाकला की पाच आकडे येतात, त्या आकड्यांसमोरचा शब्द आपला, यादीत ७७७६ शब्द असतात आणि आपल्याला सहा पाहिजेत. आवडला नाही म्हणून शब्द बदलायचा नाही. मी माझ्या सहा शब्दांची अर्धी मराठी अर्धी कन्नड अशी गोष्ट रचली, आठवड्यात तोंडपाठ झाली.

पासवर्ड देवनागरीत मात्र ठेवू नका. ‘वाऱ्यावर’ मधला तो ऱ्य दोन कीबोर्डवर दोन तऱ्हेनं टाइप होऊ शकतो, दिसायला सारखाच पण आत अक्षरांचे कोड वेगळे, मग बरोबर पासवर्ड घालूनसुद्धा फाईल उघडत नाही.

कीपासएक्ससीत आपल्या फाईलीला डेटाबेस म्हणतात, त्याच्या डेटाबेस सिक्युरिटीत आर्गॉन२, म्हणजे पासवर्ड तपासायचं काम मुद्दाम जड करणारी पद्धत, आहे का बगून घ्या आणि उघडायला लागणारा वेळ एक सेकंदावर न्या, आपल्याला तेवढा चालतो पण चोराला प्रत्येक अंदाजाला तेवढं काम पडतं. की फाईल, म्हणजे पासवर्डच्या जोडीला लागणारी चावीची फाईल, वापरत असाल तर ती डेटाबेसच्याच फोल्डरात ठेवली तर काय उपयोग, वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा, आणि तिचीही एक कॉपी पाहिजेच, ती हरवली तर नुसत्या पासवर्डनं काही उघडत नाही.

माझी फाईल एकाच पेनड्राइव्हवर होती, सेव्ह होतानाच लाईट गेली आणि सगळं गेलं, पुढचे चार दिवस एकेक अकाउंट रिसेट करण्यात गेले. आता एक कॉपी लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर आणि एक शहापूरला बहिणीच्या घरी असते, आणि कॉपी केली की ती उघडून बघतोच. नेट सेंटरच्या कॉम्प्युटरवर फाईल कधीच उघडू नका, तिथं तुम्ही टाइप केलेलं कोण टिपून ठेवतंय कळत नाही.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही, मास्टर पासवर्ड बदलला तरी जुन्या कॉप्या जुन्याच पासवर्डनं उघडतात! तो कुणाला कळल्याचा संशय असला तर त्या कॉप्या शोधून काढून टाका आणि आतले पासवर्डही बदला, बँक आणि मेल आधी.