‘भूल चढतच नाही’ म्हणणारा पेशंट : नव्या इंटर्नसाठी

ओपीडीत ज्यांना ‘कटकटे’ म्हणतात, त्यातले बरेचसे मुळात घाबरलेले असतात. चेअर आडवी करण्याआधी, पेशंट बसलेला असतानाच विचारा : मागच्या वेळी दाताचं काम केलं तेव्हा काय झालं होतं? आज भीती कशाची वाटतेय, सुईची, ड्रिलच्या आवाजाची की गुदमरण्याची? मग खूण ठरवा. ‘काका, दुखलं की डावा हात वर करा, मी थांबेन.’ हात वर झाला की थांबायचंच. ‘झालंच आता’ म्हणत एकदा जरी रेटलंत, तर त्या खुणेवरचा विश्वास गेला.

हिरडी कोरडी करून बधिर करणारं जेल लावा आणि मिनिट-दोन मिनिटं थांबा. गाल ताणून धरा, अ‍ॅस्पिरेट करा (दट्ट्या मागे ओढून सुई रक्तवाहिनीत नाही ना ते पाहा), औषध मिनिटाला साधारण १ मिली या वेगाने सोडा. घाईने दिलेलं इंजेक्शनच जास्त दुखतं.

खालची दाढ रात्रभर ठणकलेली असेल, तर ओठ जड झाला तरी दाढ बधिर झालेली नसू शकते. हे नाटक नव्हे. सुजलेल्या पल्पमधल्या (दाताच्या आतल्या मऊ गाभ्यातल्या) नसा इतक्या चाळवलेल्या असतात की नेहमीचा ब्लॉक (जबड्याची नस बधिर करणारं इंजेक्शन) पुरत नाही. म्हणून ओठावर विसंबू नका. कापसाच्या बोळ्यावर थंड स्प्रे मारून तो दाढेला लावा. कळ आली तर ड्रिल उचलायचा नाही. गालाच्या बाजूने आर्टिकेन हे भुलीचं औषध द्या, किंवा लिगामेंटमध्ये (दात हाडाला धरून ठेवणाऱ्या तंतूंमध्ये) दर मुळाशी ०.२ मिली भूल द्या. एकूण डोसचा हिशेब मात्र केसपेपरवर मांडत राहा. अ‍ॅड्रिनॅलिनसह लिग्नोकेन या नेहमीच्या भुलीच्या औषधाची मोठ्यांसाठीची मर्यादा किलोमागे ७ मिग्रॅ आहे, आणि २ टक्के द्रावणाच्या १ मिलीत साधारण २० मिग्रॅ असतं.

‘काढूनच टाका’ म्हणणाऱ्याशी वाद घालू नका. बहुतेकदा अडचण पैशांची किंवा खेपांची असते, ती आधी विचारा. वाचणारी दाढ असेल तर खर्चासकट सगळे पर्याय सांगा. तरी रूट कॅनाल नको असेल, तर तसं त्याला कळेल अशा भाषेत लिहून त्याचीच सही घ्या. पेशंट सज्ञान आणि शुद्धीवर असताना मुलाची सही चालत नाही.

सगळ्यात अवघड म्हणजे दुखतं खूप, पण एक्स-रे, थंड चाचणी, ठोकून पाहणं, सगळं नॉर्मल. इथे दात उघडण्याचा मोह आवरा. उघडलेला दात पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. वरच्या दाढा असतील तर सायनस तपासा. दात पूर्ण बधिर करूनही दुखणं तसंच राहिलं, तर उगम बहुधा दुसरीकडे आहे. ओरल मेडिसिनकडे (तोंडाच्या आजारांच्या विभागाकडे) पाठवा, आणि पाठवताना ‘हे मनाचं आहे’ असं म्हणू नका. ‘दुखतंय हे खरं, पण या दातामुळे नाही’ असं सांगा.