आयटीत घुसायचंय, पण कोर्स कोणता घेऊ?

बीई झालं, बीसीए झालं, नाहीतर साधं बीकॉम करून आता आयटीत जायचंय, की आपले पोट्टे पहिले नागपुरात सीताबर्डीला नाहीतर धरमपेठला जाऊन क्लास लावतात, अर्धी फी भरतात आणि मग विचारतात याने जॉब कोणता लागेल म्हणून. उलटं करा ना बावा. नोकरी डॉट कॉम, लिंक्डइनवर नागपूर आणि पुणे टाकून फ्रेशरच्या वीस-पंचवीस जाहिराती नीट वाचा, जे शब्द परत परत दिसतात ते वहीत लिहून काढा, कोर्स त्यावरून ठरतो. नागपूरच्या मिहानला टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत हे खरं, पण पोस्टिंग घराजवळच मिळेल असं धरून चालू नका.

डेव्हलपर व्हायचं असेल तर सर्टिफिकेटच्या मागे फार लागू नका, तिथे कोडिंग टेस्ट घेतात, एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, विचारतात आणि तुम्ही काय बनवलं ते पाहतात. घरी बसून अभ्यासच होत नाही असं असेल तर सी-डॅक या सरकारी संस्थेचा पीजी-डॅक डिप्लोमा बघा, सहा महिने पूर्ण वेळ, सी-कॅट ही त्यांची प्रवेश परीक्षा देऊन ॲडमिशन. फुकटात पाया पक्का करायचा तर एनपीटीईएल, आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स, शिकायला पैसे नाहीत, फक्त परीक्षेला हजाराच्या आसपास फी. सॉफ्टवेअर टेस्टिंगवाल्यांना आयएसटीक्यूबी फाउंडेशन सर्टिफिकेट, ४० प्रश्न, २६ बरोबर आले की पास.

नेटवर्किंगचं मात्र वेगळं आहे, तिथे सर्टिफिकेट खरंच विचारतात आणि त्यात सीसीएनए, म्हणजे नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्को कंपनीचं सर्टिफिकेट. २०२० पासून एकच परीक्षा आहे, २००-३०१, दोन तासांची, आधीची कुठली परीक्षा पास असायची अट नाही, पण फी ३०० डॉलर आणि वर टॅक्स, म्हणजे पंचवीस हजारांच्या वर, आणि सर्टिफिकेट तीनच वर्षं चालतं. म्हणून आधी सिस्कोचं पॅकेट ट्रेसर, कॉम्प्युटरवरच खोटं नेटवर्क जोडायचं सॉफ्टवेअर, फुकट घ्या, दोन स्विच एक राऊटर जोडा, दोन व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर दोन वेगळी नेटवर्कं, करा आणि एकातून दुसऱ्यात पिंग टाका, म्हणजे तिकडे पोचतंय का ते बघा. जाणार नाही. मग ट्रंक पोर्ट लावला का, राऊटरवर सब-इंटरफेस केले का, पीसीत गेटवे टाकला का, या सेटिंग एकेक शोधत दोन तास गेले आणि तरी मजा आली तर भरा फी. कंटाळा आला तर पंचवीस हजार वाचले समजा.

क्लाउडमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरच्या कामात, ॲमेझॉनचं एडब्ल्यूएस क्लाउड प्रॅक्टिशनर १०० डॉलरला होतं, मायक्रोसॉफ्टच्या अझूरचं एझेड-९०० पण त्याच लेव्हलचं, दोन्ही ओळख करून घ्यायला ठीक, पण एवढ्यावर कोणी नोकरी देत नाही. त्यापेक्षा लिनक्स शिका, बहुतेक सर्व्हर याच ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात. लिनक्सवाल्या रेड हॅट कंपनीची आरएचसीएसए परीक्षा मशीनवर करून दाखवायची असते, रट्टा मारून निघत नाही, म्हणूनच मला ती आवडते. एथिकल हॅकिंगचा महागडा कोर्स बारावीनंतर लगेच काहून करता? आधी नेटवर्किंग येऊ द्या.

आता क्लास. काउंटरवर सरळ विचारा, सर्टिफिकेटवर नाव कोणाचं येईल, क्लासचं की सिस्को, रेड हॅटसारख्या कंपनीचं, आणि परीक्षेची फी यात धरली आहे का. बहुतेक वेळा नसते. शंभर टक्के प्लेसमेंट म्हणाले तर मागच्या बॅचच्या दोन पोरांशी बोलणं करून द्या म्हणा. ईएमआय असेल तर तो क्लासचा हप्ता आहे की फायनान्स कंपनीचं लोन ते सही करायच्या आधी वाचा, कारण लोन असेल तर क्लास सोडला तरी हप्ता कटत राहतो.

परीक्षेचं व्हाउचर, म्हणजे फी आधीच भरल्याचा कोड, घेतलं की त्याची शेवटची तारीख बघा, आणि प्रोफाइलवर नाव अगदी ओळखपत्रावर आहे तसंच टाका. आपल्याकडे मधे वडिलांचं नाव कुठे असतं कुठे नसतं, त्यावरून सेंटरवरून परत पाठवलं तर फी पण गेलीच.